नामाझागोनच्या पाठीवरचा हात

सुमिए ओरिकासाच्या दुकानासमोर माझं न्हाव्याचं दुकान आहे, आणि माझी खुर्ची रस्त्याकडे तोंड करून आहे. तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा माझ्याइतका अधिकार कोणाला नाही. तिचा नवरा हयात होता तेव्हा त्यालाही नव्हता. तो बिचारा दिवसभर तळणाच्या धुरात उभा असायचा, त्याला स्वतःची बायको नीट दिसायची नाही. मला मात्र स्वच्छ दिसायची.

आमच्या यानागी गल्लीत टीव्हीवर झळकलेलं माणूस एकच, आणि ते म्हणजे सुमिए. सगळी सुमिए नव्हे, तिचा उजवा हात. कोपरापर्यंत. पण तांदूळवाल्या मोरोझुमीच्या घराण्यात एक आमदार होऊन गेला, त्याचा तर हातही कोणाला आठवत नाही.

तेलाच्या टंचाईच्या वर्षी लोक घाबरून संडासचा कागद साठवत होते ना, साधारण त्या सुमाराची ही गोष्ट. दर शुक्रवारी संध्याकाळी ‘शिराताका’ नावाची मालिका लागायची. पांढऱ्या ससाण्याचा मुखवटा घातलेला वीर, लाल मफलर, आणि दर आठवड्याला तोक्यो उद्ध्वस्त करायला येणारा एक नवा राक्षस. कंपनीच्या खिशात तोक्यो उद्ध्वस्त करण्याइतका दम नव्हता. म्हणून सगळे राक्षस आमच्या गल्लीमागच्या नदीच्या पात्रातच यायचे, गोट्यांवर पाय आपटायचे आणि तिथेच मरायचे. स्फोट झाला की माझे आरसे हलायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, “भूकंप?” मी म्हणायचो, “नाही, शुक्रवारची तयारी.”

त्या साऱ्या राक्षसांच्या आत एकच माणूस असायचा, इवाओ नुकागा. आज तो गल्लीच्या टोकाला सायकली दुरुस्त करतो. तेव्हा तो तरणाबांड होता, आणि दर शुक्रवारी मरायचा. कधी जळून, कधी कड्यावरून पडून, एकदा तर सिमेंटच्या गाडीखाली. त्याच्या आईने शेवटी शुक्रवारी टीव्ही लावायचंच सोडून दिलं.

आता या मालिकावाल्यांची एक रीत होती. ती कळल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. रबरी कातडं अंगावर चढलं आणि पाठीवरची चेन लागली की आतला माणूस संपला. मग त्याला नावाने हाक मारायची नाही. “नामाझागोन-सान, जरा डावीकडे,” असं अदबीने म्हणायचं. बांधावर पोरं बघत बसलेली असत. त्यांच्या देखत कातडं उतरवायचं नाही, मुंडकं काखेत धरून फिरायचं नाही, आणि कोणी विचारलं “आत कोण आहे?” तर उत्तर एकच: “आत कोणी नसतं.” इवाओने ही रीत अशी पाळली की लग्नाच्या वेळी सासऱ्याने धंदा विचारला, तर हा म्हणाला, “नदीकाठी काम करतो.” सासरा बरीच वर्षं त्याला वाळू उपसणारा समजत होता.

सुमिए तेव्हा कपडेपटात होती. इवाओला कातड्यात कोंबायचं, चेन लावायची, ती झाकायला वरून माशाच्या कल्ल्यासारखी पट्टी चिकटवायची, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये राक्षसाच्या तोंडातून नळी घालून पाणी पाजायचं, हे तिचं काम. आत श्वास कोंडला तर ओरडून उपयोग नव्हता, रबरातून आवाज येत नसे. म्हणून खूण ठरलेली होती. मांडीवर दोनदा थाप. थाप-थाप म्हणजे बाहेर काढा.

नामाझागोन हा मागुर माशाचा राक्षस. मिशा होत्या, भलीथोरली शेपूट होती, आणि आमच्याकडच्या सगळ्या राक्षसांत त्याचं कातडं सगळ्यात जाड. ऑगस्टच्या उन्हात नदीच्या गोट्यांवर अंडं फोडलं तर शिजावं, अशा दुपारी त्याची शेवटची मारामारी घेत होते. शिराताकाने लाथ घातली. नामाझागोन वाकला. आणि त्याने मांडीवर थाप मारली. दोनदा.

दिग्दर्शक भोंग्यातून ओरडला, “वा, नामाझागोन-सान. अशीच तडफड चालू ठेवा.”

पुन्हा थाप-थाप. बांधावर पोरं टाळ्या वाजवायला लागली. राक्षस मरतोय म्हटल्यावर पोरांना आनंद व्हायचाच.

सुमिएच्या अंगात एप्रन होता, हातात कामाचे पांढरे सुती मोजे. कॅमेरा चालू होता. ती सरळ चालत गेली. कल्ल्याची पट्टी उचकटली, चेन वीतभर खाली ओढली, पाठीवर दोन थापट्या मारल्या आणि तशीच परत आली. शिराताका कमरेवर हात ठेवून वाट बघत उभा राहिला. आतला माणूस सभ्य होता तो. म्हणजे, आत कोणी नव्हतं, पण सभ्य होता.

पुढचं संभाषण बांधावर बसलेल्या निम्म्या गल्लीने ऐकलं आहे. मीही त्यात होतो, दुकान उघडं टाकून.

“बाई, तू चित्रात आलीस.”

“आले. तो मरत होता.”

“तो कोण? तिथे राक्षस आहे.”

“मग राक्षस मरत होता.”

“त्याला मरायचंच आहे. कथेत लिहिलंय तसं.”

“ते पुढच्या पानावर,” सुमिए म्हणाली. “या पानावर त्याला श्वास घेऊ दे.”

संध्याकाळी तिची नोकरी गेली. पुन्हा चित्रीकरण करायला ना वेळ होता ना फिल्म. तेव्हा त्या शुक्रवारी सगळ्या देशाने बघितलं की डावीकडून एक पांढरा हात येतो, राक्षसाच्या पाठीत काहीतरी करतो आणि निघून जातो. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरं त्यावर भांडत होती. कोणी म्हणे देवाचा हात, कोणी म्हणे नामाझागोनच्या आईचा.

सुमिए त्या संध्याकाळी नदीवरून तडक आमच्या गल्लीत आली. ओरिकासाच्या दुकानात तिने बटाट्याचं कोरोक्के, म्हणजे चुरा लावून तळलेलं पॅटिस, मागितलं आणि खाऊन म्हणाली, “मीठ कमी आहे.” ओरिकासा म्हणाला, “मग तूच घाल.” तिने घातलं, आणि ती तिथलीच झाली. लग्नाची याहून लांब कहाणी असेल तर मला तरी कोणी सांगितलेली नाही.

गल्लीतल्या बायकांचं मात्र मत होतं की तिने इवाओशी लग्न करायला हवं होतं. जीव वाचवला म्हणजे काहीतरी असणारच. मी एकदा सुमिएला तसं विचारलंही.

“किशिगामी-सान,” ती म्हणाली, “मी त्याला कातड्यातून बाहेर काढलं. घरात घ्यायला नव्हे.”

खरी गंमत वेगळीच होती. इवाओ कधी तिचे आभार मानायलाच आला नाही. शेजारी राहतो, तिच्या दुकानासमोरून रोज जातो, तिची चेन तुटली तर फुकट बसवून देतो. सायकलची चेन, उगाच दात काढू नका. पण त्या दुपारबद्दल एक अक्षर नाही. कारण उघड होतं. आभार मानायचे तर आत आपण होतो हे कबूल करावं लागणार, आणि आत तर कोणी नसतं.

असं सगळं सुरळीत न बोलता चाललं होतं. आणि मग डीव्हीडी आली.

मिठाईचं सुबक खोकं रुमालात गुंडाळून एक मुलगी इवाओच्या दुकानात शिरताना मी खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या कानावरून पाहिलं. आमच्याकडे मिठाईचं खोकं म्हणजे एक तर माफी, नाही तर मागणी. ती मुलगी ओनोदेरा. ‘शिराताका’चा पहिला अख्खा हंगाम डीव्हीडीच्या पेटीत काढणाऱ्या कंपनीतली. बोलायला गोड, चालायला भराभर. इवाओकडून ती निघाली तेव्हा खोकं तिथेच होतं आणि तिचा चेहरा पडलेला होता. माझ्या दारात थांबून तिने स्टेशनचा रस्ता विचारला.

मी म्हटलं, “एवढ्या लांबून आलीस, तर समोरचं कोरोक्के खाऊन जा.” याहून एक शब्द जास्त बोललो असेन तर माझा वस्तरा बोथट होवो.

सुमिएने तिला गरम कोरोक्के कागदात दिलं. मुलगी भुकेली होती, आणि भुकेल्या माणसाच्या तोंडून खाता खाता सगळं बाहेर येतं.

“काकू, तुमच्याच मागच्या नदीत आमची मालिका झाली. किती सुंदर केलीय आम्ही ती, बघाल तर ओळखू येणार नाही. शिराताकाला उडवायच्या तारा दिसायच्या, त्या पुसल्या. पुलावरून ट्रक जायचा, तो पुसला. एका ठिकाणी तर कपडेपटातली कोणीतरी बावळट बाई मध्येच आली होती, तिचा हात दिसायचा. तोही पुसला.”

सुमिएच्या हातातला चिमटा कढईवर थांबला. गिऱ्हाइकाचा कान माझ्या हातून कापता कापता वाचला.

“पुसला?” सुमिए म्हणाली.

“म्हणजे पुसतोय. महिनाभरात तबकड्या छापायला जातील. राक्षसाचं काम करणाऱ्या नुकागा-सानना आम्ही मान म्हणून विचारलं, चित्रात काय सुधारायचं. पेटीत त्यांची मुलाखतही घालायची होती, ती काही ते देत नाहीत. म्हणाले, आत कोणी नसतं. पण एवढं बोलले की तो हात तेवढा घालवा.”

“असं म्हणाला.”

“हो. आणखी एक मिळेल?”

“नाही,” सुमिए म्हणाली. “तुला संपलं.”

कढईत आठ-दहा तरंगत होती. मुलगी बघतच राहिली.

“त्या बाईचं नाव काय होतं, ठाऊक आहे तुला?” सुमिएने विचारलं.

“नाही हो. नावांच्या पाटीत नाही. तिला म्हणे काढून टाकलं होतं.”

सुमिएने खुंटीवरचा कामाचा पांढरा मोजा घेतला, उजव्या हातात चढवला आणि तो हात तिच्या नाकासमोर धरला. ओनोदेरा शहाणी मुलगी. तिने तोंडातला घास गिळला आणि कमरेत वाकली ती वाकलीच.

“उठ पोरी, मान अवघडेल. मी रागावले नाही. तो हात ठेवा.”

“काकू, माझ्या हातात नाही. साहेब म्हणतात, चूक ती चूक. आणि खुद्द नुकागा-सानच...”

“ती चूक नव्हती. ट्रक चुकून आला असेल. मी चालत गेले होते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ओरिकासाच्या दुकानाला कुलूप होतं. नवऱ्याचं और्ध्वदेहिक सोडलं तर असं कधी झालं नव्हतं. सुमिए एप्रनसकट आगगाडीने कंपनीत गेली. तिथे ती खालच्या चकचकीत दालनात बसून राहिली. पहारेकरी विचारायला आला तेव्हा म्हणाली, “साहेबांना सांगा, हात आलाय.” साहेब दुपारी खाली आले. चांगला माणूस असावा. त्याने समजावून सांगितलं की मूळ फिल्म आता आंबट वास मारायला लागली आहे, पुन्हा चालवता येणार नाही, यापुढे टीव्हीवाले आणि बाकी सगळे हीच नवी प्रत दाखवतील, म्हणून ती निर्दोष हवी. मग म्हणाला, “वाटल्यास पेटीतल्या पुस्तिकेत तुमचं नाव छापू. विशेष आभार म्हणून.”

“नाव ठेवा तुमच्याकडे,” सुमिए म्हणाली. “हात द्या.”

साहेब हसले आणि म्हणाले की काम करणाऱ्या कलाकाराचीच इच्छा आहे, तेव्हा कंपनीचा नाइलाज आहे.

परत आली ती तिने गल्लीत दोन गोष्टी जाहीर केल्या. एक, तिचा उजवा मोजा आता उतरणार नाही. तळताना, सुटे पैसे देताना, शेजारणीला नमस्कार करताना, मोजा हातातच. दुसरी, इवाओ नुकागाला या दुकानात काही मिळणार नाही.

तुम्हाला हे हसण्यासारखं वाटेल. पण इवाओ दर संध्याकाळी दोन कोरोक्के खाऊनच दुकानाचं शटर ओढायचा. पहिल्या संध्याकाळी तो रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली, तर सुमिएने त्याच्या खांद्यावरून मागे बघितलं आणि म्हणाली, “बोला, कोण आहे? इथे तर कोणी दिसत नाही.”

इवाओ मान खाली घालून गेला. मी लगेच पाण्याची बादली घेऊन बाहेर आलो, दारापुढे शिंपडायला. कोरडा रस्ता मला बघवत नाही.

गल्लीत दोन पक्ष पडले. तांदूळवाला मोरोझुमी इवाओच्या बाजूचा. “रीत म्हणजे रीत. पोरांना आता सांगायचं का, की राक्षस म्हणजे सायकलवाले आजोबा?” बायका सुमिएच्या बाजूच्या. माझा पक्ष विचाराल तर मी न्हावी; माझ्याकडे दोन्ही पक्षांची डोकी येतात.

इवाओचं डोकं महिन्याच्या पहिल्या मंगळवारी येतं. तसं आलं. मी खुर्ची मागे पाडली आणि दाढीआधीचा वाफाळलेला टॉवेल त्याच्या तोंडावर दाबून घातला. तेवढ्यात दार उघडून सुमिए आत. पांढरा मोजा, हातात चिमटा तसाच.

“इवाओ,” ती टॉवेलला म्हणाली, “तू सांगितलंस पुसा म्हणून?”

टॉवेलखालून आवाज आला, “आत कोणी नव्हतं.”

“मग मी कोणाला वाचवलं?”

“कोणाला नाही. हात आला म्हणून तर पोरांना कळलं की चेन आहे. चेन आहे म्हणजे आत माणूस आहे. माझं सगळं काम तू एका हाताने धुळीला मिळवलंस, सुमिए. इतकी वर्षं तो शुक्रवार मला छळतोय.”

“आणि मी गेले नसते तर?”

मला वाटलं, आता काहीतरी ऐकायला मिळणार. मी दुसरा टॉवेल घ्यायला कपाटाकडे गेलो, कान इकडे ठेवून. बायकोने आदल्या रात्री टॉवेल वाफवायचा नवीन बंब आणला होता आणि त्यातून निघणारे टॉवेल जरा जास्तच तापलेले असतात, हे माझ्या ध्यानातून गेलं. हे बोलणं मध्येच तोडावं असं वाटेना, म्हणून कपाटापाशी मी थोडा रेंगाळलोही.

थाप-थाप.

इवाओचा हात मांडीवर पडला होता. दोनदा. एवढ्याशा दुकानात तो आवाज मोठा वाटला.

सुमिएचा मोजा पुढे गेला आणि तिने टॉवेल उचलला. खाली इवाओचं तोंड उकडलेल्या खेकड्यासारखं झालं होतं.

“आत कोणी नव्हतं ना?” सुमिए म्हणाली. “मग ही थाप कोणी मारली?”

इवाओने श्वास घेतला, माझ्याकडे जळजळीत बघितलं, आणि छताकडे बघत म्हणाला, “सवय असते हाताला.”

“माझ्याही हाताला आहे,” सुमिए म्हणाली, टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला आणि गेली.

माझा अंदाज होता की आता हा बधेल. नाही बधला. अर्धी दाढी झाल्यावर मला विचारतो, “ती रडत होती का?” मी म्हटलं, “कोण, ती? तिच्या हातात चिमटा होता.” तो म्हणाला, “मग बरं.” आणि त्या दिवशी त्याने कानातले केस काढून घेतले नाहीत. इवाओ फारच बिनसला की कानातले केस काढत नाही.

छापायची वेळ जवळ आली. ओनोदेराला मात्र चैन पडेना. तिने साहेबांना गळ घातली की ज्या गल्लीच्या नदीत मालिका झाली त्या गल्लीला छापण्याआधी एकदा दाखवू, तेवढा तरी मान देऊ. साहेबांना वाटलं, स्वस्तात मान मिळतोय तर काय वाईट. रविवारी दुपारी तांदळाच्या दुकानावरच्या गल्लीच्या सभागृहात पडदा लागला. चटयांवर पोरं, मागे घडीच्या खुर्च्यांवर आम्ही. इवाओ पहिल्या रांगेत, मोरोझुमीने धरून बसवलेला. सुमिए शेवटच्या रांगेत दाराशी, मोजा घातलेला हात मांडीवर. ओनोदेराने यावेळी सगळ्यांसाठी मिठाई आणली होती. सुमिएच्या हातात खोकं आलं, तिने ते न उघडता पुढे दिलं.

चित्र सुंदर झालं होतं हे मान्य करायला हवं. नदीचं पाणी निळं, शिराताकाचा मफलर असा लाल की डोळ्यांत भरावी. तारा गेल्या होत्या. पुलावरचा ट्रक गेला होता. आणि नामाझागोनची पाठ गुळगुळीत, चेनचा मागमूस नाही. मोरोझुमी इवाओला कोपराने ढोसत होता, “बघ, काय राक्षस दिसतोय. खराखुरा.” इवाओची मान ताठ झाली. पहिल्यांदाच आपलं काम जसं व्हायला हवं होतं तसं तो बघत होता.

मग ती दुपार आली. लाथ बसली. नामाझागोन वाकला.

थाप-थाप.

ते आम्ही सगळ्यांनी जुन्या टेपवर वर्षानुवर्षं बघितलेलं. डावीकडून हात येतो. सगळी गल्ली डावीकडे बघायला लागली. हात आला नाही.

थाप-थाप. राक्षस थरथरतोय. मिशा लोंबतायत. समोर शिराताका कमरेवर हात ठेवून नुसता उभा. पूर्वी तो सभ्य वाटायचा. आता तो एका मरणाऱ्याची मजा बघत उभा असल्यासारखा दिसत होता. मागे चकचकीत निळी नदी. कोणी येत नाही. थाप-थाप. कोणीच येत नाही.

चटईवरची एक छोटी मुलगी म्हणाली, “त्याला काहीतरी होतंय.”

तिची बहीण म्हणाली, “राक्षस आहे गं तो.”

“असू दे. तो बोलावतोय कोणालातरी.”

मी इवाओकडे बघितलं. दुसऱ्याच्या तोंडाकडे बघणं हाच माझा धंदा आहे. असा चेहरा मी त्याच्यावर कधी बघितला नव्हता. आत असताना त्याला काही दिसलंच नव्हतं, राक्षसाच्या तोंडाच्या फटीतून फक्त गोटे दिसायचे. त्या दुपारी कोणी आलं नसतं तर काय झालं असतं, हे तो आज पहिल्यांदा बाहेर बसून बघत होता. त्याचा हात मांडीवर गेला होता आणि तिथेच घट्ट धरलेला होता.

तो उठला. पडद्यावर त्याची सावली पडली, नामाझागोनच्या अंगावरच.

“थांबवा,” तो म्हणाला.

ओनोदेराने चित्र थांबवलं. इवाओ पोरांकडे वळला. मोरोझुमीने त्याची बाही धरली. “नुकागा-सान, पोरं आहेत.”

“बाही सोड,” इवाओ म्हणाला. मग तोंडातल्या तोंडात पुटपुटल्यासारखं म्हणाला, “आत मी होतो.”

मागून सुमिएचा आवाज आला.

“मोठ्याने बोल. दाराशी ऐकू आलं नाही.”

इवाओने मान वर केली. “आत मी होतो,” तो म्हणाला. “नामाझागोनच्या आत मी होतो. आणि त्याच्या आधीच्याच्या, आणि त्याच्याही आधीच्याच्या. मला श्वास घेता येत नव्हता. मी हाक मारत होतो. एवढी माणसं होती नदीवर, टाळ्या वाजवत होती. एकटी ती आली.” मग ओनोदेराकडे वळून, “पोरी, मी चुकीचं सांगितलं. तो हात परत लाव. चेनसुद्धा लाव. तुझ्या साहेबाला सांग, कलाकाराची इच्छा आहे.”

ती छोटी मुलगी उभी राहून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होती. “सायकलवाले आजोबा,” तिने विचारलं, “शेपूट जड होती?”

“फार,” इवाओ म्हणाला.

“मग तुम्ही शिराताकाला हरवलं का नाही?”

“लिहिलेलं नव्हतं.”

त्यावर तिने असा काही चेहरा केला की लिहिणारा समोर असता तर त्याचं काही खरं नव्हतं. पोरांना धक्का वगैरे काही बसला नाही. दुसऱ्या दिवसापासून सायकलीच्या दुकानात हवा भरायला पोरांची रांग लागली, टायर टम्म असलेलीसुद्धा.

सुमिए मात्र तिथे काही बोलली नाही. चपला घालून उतरली आणि कढई तापवायला गेली. मोरोझुमीला वाटलं होतं आता ती रडेल, दोघं एकमेकांपुढे वाकतील, कोणीतरी फोटो काढेल. त्याने कॅमेरा आणलाही होता. शेवटी त्याने पडद्याचा फोटो काढला.

साहेबांनी पुष्कळ कुरकुर केली म्हणे. हात परत लावायचा म्हणजे केलेलं काम उलटं करायचं. पण ओनोदेराने त्यांना ते चित्र हाताशिवाय पुन्हा एकदा बघायला लावलं, आणि नंतर ते काही बोलले नाहीत. पेटी बाजारात आली. सुमिएने दुकानाच्या काचेत छोटा टीव्ही ठेवला आणि तोच भाग दिवसभर फिरत ठेवला. पुस्तिकेत तिचं नाव नाही. तिनेच नको म्हटलं होतं. पण मोज्यावरचा काजळीचा डागसुद्धा आता दिसतो, इतकं चित्र साफ आहे.

परवा संध्याकाळी ओसाकाहून एक गृहस्थ आले होते, मालिकेचे मोठे भक्त. पेटी काखेत, गळ्यात कॅमेरा. काचेतल्या टीव्हीपुढे बराच वेळ उभे राहिले आणि मग कोरोक्के घेताना सुमिएला म्हणाले, “काकू, पेटी उत्तम काढली आहे, पण या भागात एक मोठी चूक राहून गेलीय. कोणाचा तरी हात आलाय. कंपनीला कळवायला हवं.”

त्यांच्या मागे रांगेत इवाओ उभा होता. त्याला पुन्हा कोरोक्के मिळायला लागल्यापासून तो रोज रांगेतच उभा राहतो, सुमिए त्याला पुढे घेत नाही. त्याने तोंड उघडलं. सुमिएने नुसत्या नजरेने त्याला गप्प केलं.

तिने पांढऱ्या मोज्यातला हात काउंटरवरून बाहेर काढला, त्या गृहस्थांच्या हातात कागदाची पुडी ठेवली, आणि त्यांना तो हात नीट दिसेपर्यंत तिथेच ठेवला.

“ती चूक नाही,” ती म्हणाली. “पुढचं गिऱ्हाईक.”